ऑस्ट्रेलियन कौटुंबिक कादंबरी: वाचावी कशी, परीक्षण लिहावे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाचनगटात गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या ऑस्ट्रेलियन कौटुंबिक कादंबऱ्या वाचायला घेतल्या आहेत आणि त्यांवर मराठीत दीड हजार शब्दांची परीक्षणे लिहायची आहेत. लिहून झाले की हाती कथानकाचे सार उरते आणि शेवटी ‘नातेसंबंधांचे हळुवार चित्रण’ हे वाक्य. चुकते कुठे, आणि सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

आधी ते वाक्य खोडा. ते जपानी कादंबरीवर लिहिले तरी चालते आणि बंगाली कादंबरीवरही. या कादंबऱ्यांचे परीक्षण नात्यांपासून नव्हे, घरापासून सुरू करावे. घर म्हणजे अगदी विटा-पत्र्यांचे घर. ते कोणाच्या नावावर आहे, भाडे कोण देतो, कोण कुठल्या खोलीत झोपतो, विकायचे ठरवले तर विकता येते का? बहुतेक भांडणे, अबोले आणि समेट इथूनच निघतात. आणि त्याखाली आणखी एक प्रश्न असतो, कधी उघड, कधी दडपलेला: घराखालची जमीन मुळात कोणाची?

टिम विंटन यांची ‘क्लाउडस्ट्रीट’ (1991) घेऊ. पर्थमधल्या एका मोठ्या, कलत्या घरात पिकल्स आणि लँब ही दोन कुटुंबे 1943 पासून वीस वर्षे राहतात. बहुतेक परीक्षणे इथे ‘दोन कुटुंबांची महागाथा’ म्हणून पुढे सरकतात. वीसच वर्षे का, हे कोणी विचारत नाही. सॅम पिकल्सला हे घर नातेवाइकाच्या मृत्युपत्रातून मिळते आणि त्यात अट असते की वीस वर्षे ते विकायचे नाही. रोख पैसे मिळतात ते सॅम घोड्यांवर उडवतो. मग उरते न विकता येणारे घर आणि रिकामा खिसा. म्हणून घर मधोमध वाटून अर्धे लँब कुटुंबाला भाड्याने. म्हणजे कादंबरीचा कालावधी आणि दोन कुटुंबांचे एकत्र येणे, दोन्ही त्या एका अटीतून निघतात. मालक कफल्लक आणि भाडेकरू पुढच्या खोलीत दुकान काढून वर येणारा, हा उलटा हिशेब लक्षात आला की सॅमचा दैववाद आणि ओरिएल लँबची कामाची झिंग यांवर वेगळे परिच्छेद लिहावे लागत नाहीत. ओरिएल घर सोडून मागच्या अंगणात तंबू ठोकून राहते. त्याला ‘विक्षिप्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. घराचा नकाशा कागदावर काढला असेल तर तो तंबू कुठे आणि का पडतो ते दिसते.

याच घराला आणखी एक मागची गोष्ट आहे. पूर्वी इथे एका श्रीमंत बाईने आदिवासी मुलींना ‘सभ्य’ बनवण्यासाठी ठेवले होते. त्यांपैकी एकीने विष घेऊन जीव दिला. त्या खोलीची सावली पूर्ण पुस्तकावर आहे. इथे 13 फेब्रुवारी 2008 ही तारीख माहीत असलेली बरी. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने, कुटुंबांपासून हिरावून नेलेल्या आदिवासी मुलांच्या पिढ्यांची माफी मागितली. विंटन यांची कादंबरी त्याच्या सतरा वर्षे आधीची. आक्षेपही इथेच नोंदवता येतो: पुस्तकात एक आदिवासी माणूस मधूनमधून उगवतो, घर विकू नका म्हणून सांगतो आणि जातो, त्याला नावसुद्धा नाही. घराच्या ऊबेवर भाळलेल्या परीक्षणांतून हा माणूस हमखास गळतो. जाता जाता: या कादंबरीत निवेदन कोण करते आहे हे हळूहळू उलगडते. परीक्षणात ते सांगू नका, नाहीतर पुढच्या वाचकाची तीनशे पाने फुकट घालवाल.

आता प्रत्यक्ष वाचण्याची रीत. पहिले वाचन दिवसाला चाळीस-पन्नास पानांच्या चालीने, हातात पेन्सिल, पण वहीत फक्त तीन पाने. पहिल्या पानावर वंशवृक्ष, जन्मसालांसह. साल दिलेले नसेल तर इतर खुणांवरून अंदाज करून पुढे प्रश्नचिन्ह. दुसऱ्यावर घराचा नकाशा. तिसऱ्यावर दोन स्तंभ: डावीकडे कुटुंबातल्या घटना, उजवीकडे पैसा, म्हणजे पगार, कर्ज, वारसा, जुगार, औषधोपचार. चांगल्या कादंबरीत हे दोन स्तंभ एकमेकांना चिकटलेले असतात. चिकटत नसतील तर दोनपैकी एक गोष्ट आहे: तुमच्या नजरेतून काहीतरी निसटले, किंवा लेखकाने पात्रांना पोटापाण्याच्या चिंतेतून परस्पर मोकळे करून टाकले. दुसरे खरे असेल तर तो परीक्षणातला एक मुद्दा झाला.

दुसरे वाचन पूर्ण नको. पहिली तीस पाने, प्रत्येक प्रकरणाचे पहिले आणि शेवटचे पान आणि अखेरची वीस पाने, एवढे पुरते. पहिल्या तीस पानांत लेखकाने काय पेरले होते ते शेवट माहीत असतानाच कळते. ई-पुस्तकात पानांचे आकडे अक्षराच्या आकारानुसार बदलतात, म्हणून प्रकरणाचे नाव लिहून ठेवा.

निवेदनाचा साचा ओळखण्यात सर्वांत मोठी चूक होते ती ख्रिस्तोस त्सिओल्कास यांच्या ‘द स्लॅप’ (2008) मध्ये. मेलबर्नच्या उपनगरात घरामागच्या अंगणात बार्बेक्यू चालू असतो आणि एक पाहुणा दुसऱ्याच्या लहान मुलाला थोबाडीत मारतो. पुढे आठ प्रकरणे, आठ माणसे: हेक्टर, अनूक, हॅरी, कॉनी, रोझी, मनोलिस, आयेशा, रिची. ‘एकच घटना आठ नजरांतून’ असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. थप्पड पहिल्याच प्रकरणात पडते. नंतर काळ पुढे सरकत राहतो आणि प्रत्येक जण त्या थपडेचे ओझे स्वतःच्या आयुष्यात कसे वागवतो, किंवा कसे झटकून टाकतो, ते येते. त्यामुळे ‘खरे काय घडले’ हा प्रश्न इथे नाहीच. कोणाचा राग कशावरचा, हा आहे. या पुस्तकासाठी वंशवृक्षाऐवजी आठ ओळींचा तक्ता करा: माणूस, त्या दिवशी तिथे होता का, त्याला काय दिसले, तो काय लपवतो. आणि नववी ओळ रिकामी ठेवा, ज्यांना प्रकरण मिळाले नाही त्यांच्यासाठी. मार खाणारा ह्यूगो, त्याचा बाप गॅरी, मनोलिसची बायको कूला आणि बिलाल. बिलाल हा इस्लाम स्वीकारलेला आदिवासी माणूस. बार्बेक्यूला हजर आहे, पण त्याचे प्रकरण नाही. नवव्या ओळीतून निघणारा परिच्छेद परीक्षणातला सर्वांत चांगला ठरतो, असा अनुभव आहे.

आयेशा भारतीय वंशाची आहे म्हणून मराठी परीक्षणाने तिच्यावरच मुक्काम ठोकू नये. तिच्या प्रकरणाला पूर्ण पुस्तकाच्या एक अष्टमांशाहून फार जास्त जागा देण्याचे कारण नाही. तसेच शंकरी चंद्रन यांच्या ‘चाय टाइम ॲट सिनॅमन गार्डन्स’ (2022) चे. पश्चिम सिडनीतल्या वृद्धाश्रमाची गोष्ट आपल्याला चटकन आपली वाटते, पण ती श्रीलंकन तमिळांची आहे. ‘भारतीय कुटुंब’ असे एकदा जरी लिहिले तरी पुस्तकाचे राजकारण हातातून गेले.

भाषेतल्या चुका लहान दिसतात आणि परीक्षणाचा विश्वास घालवतात. कामगारवस्तीतल्या घरात ‘टी’ म्हणजे बहुधा रात्रीचे जेवण. ‘संध्याकाळच्या चहाला सगळे जमतात’ असे लिहाल तर जेवणाच्या टेबलावरचे भांडण चहाच्या कपात बुडते. स्वयंपाकघरातला ‘बेंच’ म्हणजे आपला ओटा, बाकडे नव्हे. ‘डूना’ म्हणजे रजई, ‘थाँग्ज’ म्हणजे साध्या रबरी चपला, ‘यूट’ म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. ‘फायब्रो’ घर म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पातळ पत्र्यांचे, स्वस्तातले, युद्धानंतर भराभर उभे राहिलेले. पात्र फायब्रो घरातले आहे एवढ्यावरून ऑस्ट्रेलियन वाचकाला त्याची ऐपत कळते, तुम्ही ती एका वाक्यात सांगा. ‘क्वार्टर एकर ब्लॉक’ या मध्यमवर्गीय स्वप्नाचे भाषांतर करायला आपल्याकडे तयार माप आहे: दहा गुंठे. दहा गुंठ्यांत एकच बैठे घर, पुढे हिरवळ, मागे अंगण आणि शेजाऱ्याशी कुंपण, हे चित्र मराठी वाचकासमोर उभे राहिले की बार्बेक्यूला आलेले पाहुणे एवढे उघड्यावर का सापडतात तेही समजते.

‘वॉग’ आणि ‘स्किप’ हे शब्द स्वतंत्र काळजी मागतात. पहिला ग्रीक-इटालियन स्थलांतरितांना हिणवण्याचा, पुढे त्यांनी स्वतःच आपसात वापरलेला. दुसरा त्यांनी गोऱ्या ऑस्ट्रेलियनांना ठेवलेले नाव, कांगारूच्या जुन्या दूरदर्शन मालिकेवरून. आपल्याकडची एखादी जातिवाचक शिवी बदली म्हणून घालू नका. त्यामुळे भलताच इतिहास आत येतो. देवनागरीत तसाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात उलगडा.

आदिवासी लेखकांच्या पुस्तकांत तर ओळखीचे इंग्रजी शब्दच फसवतात. ‘मिशन’ म्हणजे मोहीम नव्हे, चर्चने चालवलेली वसाहत, जिथे माणसांना आणून ठेवले जाई. ‘कंट्री’ म्हणजे राष्ट्र नव्हे. आपल्या लोकांची जमीन, पाणी, पूर्वज आणि त्यांच्याविषयीची जबाबदारी हे सगळे त्यात येते. ‘मॉब’ म्हणजे जमाव नव्हे, आपली माणसे. ‘डेडली’ ही दाद आहे. ‘आंटी’ आणि ‘अंकल’ हे वडीलधाऱ्यांचे आदरार्थी संबोधन. त्याचे ‘मावशी’ केले की मराठी वाचक लगेच आईच्या बहिणीचा शोध घेऊ लागतो. तिथे ‘आंटी’च राहू द्या.

मेलिसा लुकाशेंको यांची ‘टू मच लिप’ (2018) आणि तारा जून विंच यांची ‘द यील्ड’ (2019) ही दोन पुस्तके जोडीने वाचावीत, कारण दोन्ही एकाच चौकटीवर उभी आहेत आणि दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. पहिल्यात केरी सॉल्टर चोरीच्या मोटरसायकलवरून, मरणाला टेकलेल्या आजोबांना भेटायला न्यू साउथ वेल्समधल्या छोट्या गावी येते. दुसऱ्यात ऑगस्ट गोंडिविंडी आजोबांच्या अंत्यविधीसाठी इंग्लंडहून परतते. दोन्ही घरांत एक बहीण बेपत्ता आहे. दोन्हींकडे जमिनीवर घाला येतो आहे, एकीकडे तुरुंगाचा, दुसरीकडे खाणीचा. पण लुकाशेंकोंची भाषा चुरचुरीत, शिव्यांनी भरलेली, हसवता हसवता फटका देणारी; केरीशी कावळेसुद्धा उर्मटपणे बोलतात. विंच यांचे पुस्तक तीन धाग्यांचे: ऑगस्टची गोष्ट, एका पाद्र्याचे जुने पत्र आणि आजोबा अल्बर्ट यांनी लिहिलेला विराजुरी या आदिवासी भाषेचा शब्दकोश. तो शब्दकोश वर्णक्रमाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे जातो. नोंदी वरवर चाळून कथेकडे धावणाऱ्याने निम्मे पुस्तक वाचलेलेच नाही, कारण कुटुंबाची आठवण तिथे आहे. शीर्षकाचा अर्थही तिथेच: इंग्रजीत ‘यील्ड’ म्हणजे जमिनीतून काढलेले पीक, तर अल्बर्टच्या भाषेत त्याला जुळणाऱ्या शब्दात देण्याचा भाव आहे. शीर्षकाला ‘उत्पन्न’ असे मराठी नाव देऊन टाकण्याआधी ही नोंद दोनदा वाचा.

घरच्या म्हाताऱ्याच्या मृत्यूसाठी परतलेले माणूस म्हटले की आपल्याला महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ आठवणारच. वडील गेल्यावर मुंबईहून धरणगावला आलेला सुधीर, पडका वाडा, गंजत पडलेला ट्रॅक्टर. तुलना करा, पण ती कुठे तुटते ते सांगा. देशपांड्यांचा वाडा ओसरतो आहे. त्यांच्याकडे होते ते जाते आहे आणि त्यांच्या मालकीबद्दल कोणाला शंका नाही. गोंडिविंडी कुटुंब त्याच जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहते आणि तरी कागदावर त्यांचे काही नाही. एकाच्या दुःखाला सातबारा आहे, दुसऱ्याचा सातबारा लिहिलाच गेला नाही. हा फरक दोन वाक्यांत मांडलात तर मराठी वाचकाला ‘द यील्ड’ मध्ये आत जायला वाट मिळते. फरक न सांगता नुसते ‘वाड्याची आठवण होते’ लिहाल तर दोन्ही कलाकृतींवर अन्याय.

कायद्याच्या आणि काळाच्या दोन-चार गोष्टी जवळ ठेवा. ऑस्ट्रेलियाचा कुटुंब कायदा 1975 चा, अंमल जानेवारी 1976 पासून. तेव्हापासून घटस्फोटासाठी कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, बारा महिने विभक्त राहणे पुरते. त्यामुळे 1950 च्या दशकातली बायको नवऱ्याला सोडत नाही आणि 1984 च्या कादंबरीतली सहज दार ओढून निघते, यात केवळ स्वभावाचा फरक नाही. ऋतू उलटे आहेत: नाताळ भर उन्हाळ्यात, शाळा जानेवारीच्या अखेरीस-फेब्रुवारीत सुरू. शार्लट वुड यांच्या ‘द वीकेंड’ (2019) मध्ये सत्तरीतल्या तीन मैत्रिणी मेलेल्या चौथीचे समुद्राकाठचे घर नाताळात रिकामे करतात. तिथला उकाडा आणि घाम हे त्यांच्या थकलेल्या शरीरांचे वर्णन आहे, ‘नाताळची थंडी’ नव्हे. न्यू साउथ वेल्समध्ये ‘किंडरगार्टन’ म्हणजे प्राथमिक शाळेचे पहिले वर्ष, बालवाडी नव्हे.

दूरदर्शन-रूपांतर पाहून पुस्तकावर लिहू नका, हे सांगायला नको, पण इथे त्याला खास कारण आहे. ऑस्ट्रेलियन कुटुंब उचलून अमेरिकेत नेऊन ठेवायची जुनी खोड आहे. लिएन मॉरिआर्टी यांची ‘बिग लिटल लाइज’ (2014) सिडनीजवळच्या किनाऱ्यावर घडते. 2017 ची मालिका कॅलिफोर्नियात. ‘द स्लॅप’ ची 2011 ची मालिका मेलबर्नचीच, 2015 ची न्यूयॉर्कमधली. आणि फार पूर्वी, 1940 मध्ये, क्रिस्टिना स्टेड यांनी ‘द मॅन हू लव्ह्ड चिल्ड्रन’ मध्ये स्वतःचे सिडनीतले बालपण अमेरिकन प्रकाशकाच्या आग्रहावरून वॉशिंग्टनला हलवले होते. घर हलले की भाडे, शाळा, शेजार, वर्ग सगळेच हलते.

मॉरिआर्टींना ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला काढू नये, हे माझे मत. ‘ॲपल्स नेव्हर फॉल’ (2021) मध्ये टेनिस शिकवणारे म्हातारे जोडपे, चार मोठी मुले आणि एक दिवस आई नाहीशी. माहिती कुठे दडवायची आणि कोणत्या पानावर सोडायची याचे इतके नेटके काम पुरस्कारप्राप्त कादंबऱ्यांतही क्वचित दिसते. त्यांचे परीक्षण करताना भाषेच्या खोलीची तक्रार करण्यापेक्षा ती यंत्रणा उघडून दाखवा, शेवट न फोडता.

सुरुवातीचा क्रम विचाराल तर हेलन गार्नर यांची ‘द चिल्ड्रन्स बाख’ (1984) आधी. काळाने ती तुमच्या मर्यादेबाहेर जाते, पण लहान आहे, दोन संध्याकाळींत संपते आणि कान तयार करते. मेलबर्नमधले अथीना आणि डेक्स्टर, त्यांचा विकलांग मुलगा, आणि डेक्स्टरची जुनी मैत्रीण परत भेटल्यावर घरात शिरलेली बाहेरची हवा. गार्नर काही समजावून सांगत नाहीत. दोन परिच्छेदांमधल्या कोऱ्या जागेत संसार मोडतो. शेवटी निवेदन भविष्यकाळात शिरते, तिथे थांबून क्रियापदे मोजा. त्यानंतर ‘द स्लॅप’, मग ‘क्लाउडस्ट्रीट’, मग लुकाशेंको-विंच ही जोडी. ‘क्लाउडस्ट्रीट’ आधी घेतलीत तर संवादांना अवतरणचिन्हे नसल्याने अडखळाल. मोठ्याने वाचले की पन्नास पानांत सवय होते. परीक्षणात उतारा देतानाही ती चिन्हे घालू नका.

दीड हजार शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवावी. घर, गाव, साल यांची ओळख शंभर-सव्वाशे शब्दांत. कथानक अडीचशे, आणि तेही पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशापलीकडे न जाता. निवेदनाच्या बांधणीला साडेतीनशे. घर, पैसा, जमीन यांना चारशे. भाषेला दोनशे, त्यातच तुमचा स्वतःचा अनुवाद केलेला एक उतारा, चार ओळींहून मोठा नाही. उरलेल्या शब्दांत आक्षेप, पण पुस्तकातले ठिकाण दाखवून. ‘मध्ये थोडी रेंगाळते’ हा आक्षेप नव्हे. कोणत्या प्रकरणात, कोणाच्या बाबतीत, आणि रेंगाळल्याने काय बिघडते ते लिहा.

पाठवण्याआधी दोन गोष्टी पडताळा. पहिली, प्रकाशनाचे आणि पुरस्काराचे साल. माइल्स फ्रँकलिन हा ऑस्ट्रेलियातला मोठा साहित्य पुरस्कार साधारणपणे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षी जाहीर होतो: ‘क्लाउडस्ट्रीट’ 1991 ची, पुरस्कार 1992 चा, ‘टू मच लिप’ 2018 ची, पुरस्कार 2019 चा, ‘द यील्ड’ 2019 ची, पुरस्कार 2020 चा. दुसरी, नावांचे उच्चार. मेलबर्न, ब्रिस्बन, ‘मेलबोर्न’, ‘ब्रिस्बेन’ नव्हे. आदिवासी भाषांची आणि गावांची नावे इंग्रजी अक्षरांवरून अंदाजाने लिहू नका. लेखिकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती सहज मिळतात, त्यांच्या तोंडून दोनदा ऐका आणि मग देवनागरीत उतरवा.